कशी दिसतेस ते नको, कसं दिसतं ते विचारा

तिरळा डोळा लकी असतो. हे वाक्य मी आजीकडून, दोन आत्यांकडून, शेजारच्या काकूंकडून, शाळेच्या रिक्षावाल्या काकांकडून आणि एकदा तर चक्क चष्म्याच्या दुकानातल्या माणसाकडून ऐकलं आहे. आमच्याकडे ते पूर्ण असं म्हणतात, ‘लकी असतंय ते. मोठी झाली की जातंय आपोआप.’ लकी आहे तर ते जायला कशाला हवं, असा प्रश्न या सगळ्यांपैकी कुणालाही कधी पडला नाही.

तर दोन्ही वाक्यं खोटी आहेत. तिरळेपणानं कुणाचं नशीब उघडत नाही. आणि तीन-चार महिन्यांच्या पुढच्या बाळाचा डोळा सतत वळलेला राहत असेल तर तो ‘आपोआप’ जाईल म्हणून वाट बघणं म्हणजे त्या बाळाच्या मेंदूतून एक गोष्ट हळूहळू निघून जाताना शांतपणे बघत बसणं. ती गोष्ट म्हणजे खोली. वस्तू नेमकी कुठे आहे, माझ्यापासून किती लांब आहे, पुढची कुठली आणि मागची कुठली, हे विचार न करता कळणं.

आपल्या भाषेत एक गंमत आहे. ‘दिसणं’ हे एकच क्रियापद दोन्हीकडे चालतं. तू छान दिसतेस, आणि तुला छान दिसतं. माझ्या उजव्या डोळ्याबद्दल वीस-बावीस वर्षं जेवढी चर्चा झाली ती सगळी पहिल्या अर्थानं. कशी दिसते, फोटोत कशी येते, समोरच्याला ती आपल्याकडे बघतेय की खिडकीकडे हे कसं कळणार. दुसऱ्या अर्थानं, म्हणजे बाई गं, तुला स्वतःला कसं दिसतं, हे घरातल्या कुणी विचारल्याचं मला आठवत नाही. मी गारखेड्यात वाढले. शाळेच्या दाखल्यावर औरंगाबाद आणि आधारवर छत्रपती संभाजीनगर असलेली माझी पिढी. वर्गातली पोरं मला चकणा म्हणायची. पुढे इंजिनिअरिंगला गेल्यावर कळलं की दारूसोबत जे शेंगदाणे-फुटाणे खातात त्यालाही चकणाच म्हणतात, आणि मग चार वर्षं तोच एक विनोद रोज नव्यानं झाला. ‘लंडनला बघते, टोकियोशी बोलते’ हा त्याचा जोडीदार. विनोदांचं मला फारसं काही नाही. मला राग आहे तो या विनोदांनी आणि त्या ‘लकी’नं मिळून एक वैद्यकीय गोष्ट चेहऱ्याची गोष्ट करून टाकली याचा.

म्हणून आधी वैद्यकीय गोष्ट.

माणसाच्या दोन डोळ्यांमध्ये साधारण सहा सेंटिमीटरचं अंतर असतं. त्यामुळे दोघांना मिळणारी चित्रं किंचित वेगळी असतात. मेंदू या फरकावरून अंतर काढतो. १८३८ साली चार्ल्स व्हीटस्टोन या इंग्रज शास्त्रज्ञानं हे दाखवून दिलं. एकाच वस्तूची, दोन डोळ्यांना दिसतील तशी दोन सपाट चित्रं काढली, आरशांच्या साहाय्यानं एकेका डोळ्याला एकेक दाखवलं, आणि कागदावरची रेघ हवेत उभी राहिली. आता एक डोळा आत वळलेला असेल तर काय होतं? दोन डोळे दोन वेगळ्या ठिकाणी रोखलेले. एकच पेला दोन जागी दिसतो, आणि एकाच जागी दोन वेगळ्या वस्तू एकमेकींवर चढून बसतात. मोठ्या माणसाचा डोळा आजारानं किंवा अपघातानं अचानक वळला तर त्याला हेच होतं, आणि तो त्याच दिवशी घाबरून डॉक्टर गाठतो. लहान मुलाचा मेंदू मात्र हुशार आणि लवचीक. तो गोंधळ मिटवायला एका डोळ्याचं चित्रच बंद करून टाकतो. दुहेरी दिसणं थांबतं. मूल रडत नाही, तक्रार करत नाही, कारण त्याच्या दृष्टीनं सगळं ठीक आहे. त्याला दुसरं काही माहीतच नाही. आणि घरचे म्हणतात, ‘बघा, तिला काही त्रास नाही.’

याला डॉक्टरी मराठीत ‘आळशी डोळा’ म्हणतात, म्हणजे वळलेल्या डोळ्याची नजर कालांतरानं मंदावते तेव्हा. हा शब्द ज्यानं केला त्याच्यावर माझा वेगळा राग आहे. डोळा आळशी नसतो हो. तो बिचारा दिवसभर चित्रं पाठवत असतो. दार आतून लावून घेतलेलं असतं.

खोली गेली म्हणजे जग पोस्टरसारखं सपाट दिसतं का, असं मला विचारतात. नाही. एका डोळ्यालाही पुष्कळ खुणा मिळतात. जवळची वस्तू मोठी, लांबची लहान. पुढची मागचीला झाकते. सावली कुठे पडली ते कळतं. आणि सगळ्यात कामाची खूण म्हणजे हालचाल. मान जरा हलवली की जवळच्या वस्तू भराभर सरकतात, लांबच्या हळू. वेरूळला कैलास लेण्याभोवती चालताना मला तो दगड जितका भरीव जाणवतो तितका तुम्हालाही क्वचित जाणवत असेल, कारण मी ती खोली पायांनी कमावते. जागेवर उभी राहिले की निम्मी जाते.

अडतं कुठे? जिथे या खुणा मिळत नाहीत तिथे, आणि हाताच्या अंतरावर. वाळत घालायची तार. संक्रांतीला गच्चीवरून गेलेला मांजा. काचेचं दार. सुईचं नेढं. किटलीतून पेल्यात चहा ओतताना पेल्याची कड. जिन्याच्या सगळ्या पायऱ्या एकाच रंगाच्या फरशीच्या असतील तर उतरताना शेवटची पायरी. देवगिरी किल्ल्यावरच्या अंधारीत सगळेच चाचपडतात, तिथे मात्र मी सगळ्यांच्या पुढे असते, सवय आहे. आमखास मैदानावर भाऊ आणि त्याची टीम खेळायची तेव्हा मला कधीच घेतलं नाही, कारण माझ्या हातातून कॅच सुटायचा. लांबून येणाऱ्या चेंडूचा अंदाज मला चांगला यायचा, मी बरोबर त्याच्या खाली जाऊन उभी राहायचे. शेवटच्या दोन हातांत घोटाळा व्हायचा. ओंजळ मिटायची ती पाव सेकंद आधी नाहीतर नंतर. आपण बावळट आहोत, असं मी दहाव्या वर्षी मनाशी ठरवून टाकलं होतं. बऱ्याच वर्षांनी वाचलं, की लंडनच्या सिटी युनिव्हर्सिटीत अशा लोकांच्या हातांच्या हालचाली मोजल्या आहेत. वस्तू उचलताना त्यांना शेवटच्या टप्प्यात जास्त वेळ लागतो आणि हात जास्त वेळा सुधारून घ्यावा लागतो. म्हणजे माझ्या बावळटपणाचं मोजमाप झालेलं होतं. फक्त गारखेड्यापर्यंत आलं नव्हतं.

तुम्हाला अनुभव घ्यायचा असेल तर एक डोळा झाका, एका हातात पेन आडवं धरा आणि दुसऱ्या हातातल्या पेनाचं टोक बाजूनं आणून पहिल्याच्या टोकाला टेकवा. एका झटक्यात, चाचपडायचं नाही. दोन्ही डोळे उघडून पुन्हा करा. हा जो फरक आहे ना, तो मी म्हणतेय.

आता वयाचा मुद्दा, कारण सगळं भांडण तिथेच आहे. ही खोलीची जाणीव बाळाला जन्मतः नसते. साधारण तिसऱ्या ते पाचव्या महिन्यात ती उगवते आणि पुढची काही वर्षं पक्की होत जाते. डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझेल या दोघांनी १९६५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात मांजरीच्या पिल्लांचा एकेक डोळा मुद्दाम तिरळा केला. दोन्ही डोळे वेगवेगळे तपासले तर धड. पण मेंदूत ज्या पेशी दोन्ही डोळ्यांना मिळून प्रतिसाद देतात, त्यांचं प्रमाण ऐंशी टक्क्यांच्या आसपास असायचं ते वीसवर आलं. दोन डोळे शाबूत, जोडणी तुटलेली. १९८१ साली या दोघांना नोबेल मिळालं. म्हणजे ही काही परवाची बातमी नव्हे. जन्मापासूनच्या मोठ्या तिरळेपणात शक्यतो दोन वर्षांच्या आत डोळे सरळ करावेत, असं नेत्रतज्ज्ञ म्हणतात ते याच कारणानं.

आणि आपल्याकडे ऑपरेशन कधी होतं? माझ्या पाहण्यात दोन मुहूर्तांवर. मुलीचं लग्न आणि मुलाची भरती. आपल्या शहरात १९७७ पासून सर्व्हिसेस प्रिपरेटरी इन्स्टिट्यूट आहे, मराठवाड्यातल्या कितीतरी घरांत एनडीए हे स्वप्न असतं. सैन्याच्या वैद्यकीय तपासणीत उघड तिरळेपणा चालत नाही, मग सतराव्या वर्षी धावपळ. मुलींच्या बाबतीत तर काही विचारू नका. माझं ऑपरेशन बाविसाव्या वर्षी झालं कारण एका स्थळाकडून ‘मुलगी चांगली आहे, पण’ असा निरोप आला. बावीस वर्षं जे लकी होतं ते एका ‘पण’नं रातोरात अनलकी झालं. तोपर्यंत मी काय काय सांडलं, कुठे कुठे आपटले, यानं कुणाला घाई झाली नव्हती. त्या ऑपरेशनचा खर्च द्यायला विमा कंपनीनं नकार दिला. कारण लिहिलं होतं, सौंदर्योपचार. मी ते पत्र जपून ठेवलं आहे. घरच्यांनी आणि कंपनीनं एकमेकांना कधी पाहिलेलं नाही, पण दोघांचं मत तंतोतंत जुळतं.

ऑपरेशननंतर मला चांगलं वाटलं, हे प्रामाणिकपणे सांगते. लोक डोळ्यांत बघून बोलायला लागले, ही छोटी गोष्ट नाही. मोठेपणी ऑपरेशन करू नये असं मी अजिबात म्हणत नाही. डोळा आत वळलेल्या माणसाची त्या बाजूची नजरेची कक्षाही त्यानं वाढू शकते. (आणि नाही, डोळा बाहेर काढून ठेवत नाहीत. बुबुळाला हातही लावत नाहीत. डोळा फिरवणारे सहा स्नायू असतात, त्यांतल्या एकदोनांची जागा किंवा लांबी बदलतात.) पण डोळे सरळ झाले म्हणजे मेंदूनं लावलेलं दार उघडलं असं होत नाही. सूझन बॅरी या अमेरिकन मेंदूशास्त्रज्ञ बाईंची गोष्ट यासाठी वाचावी. लहानपणी तीन ऑपरेशनं झाली, डोळे दिसायला सरळ झाले, आणि तरी त्यांना खोली म्हणजे काय ते माहीत नव्हतं. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, डोळ्यांच्या शिस्तशीर प्रशिक्षणानंतर, एके दिवशी गाडीत बसल्या आणि स्टिअरिंग डॅशबोर्डपासून सुटून हवेत पुढे आलेलं दिसलं. ऑलिव्हर सॅक्स यांनी २००६ साली त्यांच्यावर लेख लिहिला तेव्हा जगभर गाजला. ही गोष्ट मला आशा देते. पण तिचा अर्थ ‘बघा, मोठेपणीही होतं की’ असा लावून बाळाचा दवाखाना पुढे ढकलणाऱ्यांना मी हात जोडते. सगळ्यांना ते मिळत नाही. मला मिळालेलं नाही.

दुसरा युक्तिवाद पतौडींचा. एका डोळ्यानं टेस्ट खेळला, कॅप्टन झाला, मग तुम्हाला चहा ओतता येत नाही? मन्सूर अली खान पतौडींचा उजवा डोळा १९६१ साली इंग्लंडमध्ये कार अपघातात गेला आणि त्याच वर्षी ते भारताकडून खेळले, पुढच्या वर्षी एकविसाव्या वर्षी कॅप्टन. अफाट आहे हे. पण अपघात झाला तेव्हा ते वीस वर्षांचे होते. वीस वर्षं त्यांचा मेंदू दोन डोळ्यांवर क्रिकेट शिकला होता. ज्याला ती वीस वर्षं मिळालीच नाहीत त्या पोराच्या तोंडावर पतौडींचं उदाहरण मारणं म्हणजे शिडी काढून घेतल्यावर गच्चीवर ये म्हणणं. रेम्ब्रांटच्या स्वचित्रांवरून त्याचे डोळे एका रेषेत नसावेत, असा तर्क २००४ साली दोन संशोधकांनी मांडला होता, तेही लोक ऐकवतात. ठीक आहे. चित्रकाराला जग सपाट कागदावर आणायचं असतं, त्याला कदाचित सोय झाली असेल. माझी काय सोय झाली? मी जालना रोडवर स्कूटी चालवते, नोकरी करते, स्वयंपाक करते. दयामाया नको. पण माणूस निभावून नेतो म्हणून त्याच्याकडून काढून घेणं बरोबर ठरत नाही.

या जिल्ह्याला तर खोलीचं महत्त्व कळायला हवं होतं. अजिंठ्याचा मेजर रॉबर्ट गिल आणि पारो, ही गोष्ट आपल्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत. महानोरांची कविता, त्यावर नितीन देसाईंचा सिनेमा. पण हाच गिल वेरूळ-अजिंठ्याचे स्टिरिओस्कोपिक फोटो काढायचा, म्हणजे दोन डोळ्यांसाठी दोन वेगळे फोटो, हे फार कमी जणांना ठाऊक असतं. १८६४ साली लंडनमध्ये त्याच्या अशा शंभर चित्रांचं पुस्तक निघालं, मजकूर जेम्स फर्ग्युसनचा. लेण्याची खोली एका फोटोत मावत नाही, हे त्या माणसाला दीडशेहून जास्त वर्षांपूर्वी कळलं आणि त्यानं त्यासाठी एवढा खटाटोप केला. मी ती चित्रं पाहिली आहेत. मला दोन फोटो शेजारी शेजारी दिसतात, तेवढंच. २००९ साली सगळा वर्ग ‘अवतार’ थ्रीडीत बघून आला तेव्हा मीही तो चष्मा लावून बसले होते. बाकीचे ओरडत होते, मी तिकिटाचे जास्तीचे पैसे कशाचे याचा विचार करत होते.

इथे तुमच्या हातातल्या फोनबद्दल. ‘दहा दिवसांत तिरळेपणा गायब’ असली रील्स तुम्हालाही येत असतील. पेन नाकाजवळ आणा, त्राटक करा, डोळ्यांत मध घाला. काही ठरावीक प्रकारांत तज्ज्ञ स्वतः व्यायाम देतात, पण कुठल्या डोळ्याला काय, हे तपासल्यावर ठरतं. आणि मध पोळीवर घाला. फोनचा खरा उपयोग वेगळा आहे. घरातल्या बाळाचे समोरून फ्लॅश टाकून काढलेले फोटो बघा. दोन्ही बाहुल्यांतला प्रकाशाचा ठिपका एकाच जागी पडतोय का? नसेल तर दाखवून घ्या. बसक्या नाकामुळे काही बाळं नुसती तिरळी भासतात, तसं असेल तर डॉक्टर सांगतील, एक चक्कर वाया जाईल. पण एखाद्या बाहुलीत लालऐवजी पांढरी चमक वारंवार दिसत असेल तर त्याच दिवशी निघा. रेटिनोब्लास्टोमा नावाचा लहान मुलांच्या डोळ्याचा कॅन्सर असतो. दुर्मीळ आहे, पण पांढऱ्या चमकेखालोखाल त्याचं नेहमीचं लक्षण तिरळेपणा हेच आहे, आणि लवकर सापडला तर मूल वाचतं. ‘लकी असतंय’ म्हणणाऱ्या माणसानं हे वाक्य पुन्हा एकदा वाचावं.

शाळेचं सांगायचं राहिलं. आमच्या शाळेत दर वर्षी नेत्रतपासणी शिबिर व्हायचं. फलकासमोर उभं राहायचं, अक्षरं वाचायची, पुढचा. दोन्ही डोळे उघडे. मी दर वर्षी शेवटची ओळ खणखणीत वाचायचे, डाव्या डोळ्यानं. दर वर्षी कार्डावर ‘दृष्टी उत्तम’. एकदाही कुणी हातानं एक डोळा झाकायला सांगितला नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यात, पालघरला सुरू झाला. त्यात अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा पथकानं मुलं तपासायची असतात, दृष्टिदोष त्यात आहे. माझी मागणी साधी आहे. पथक येईल तेव्हा प्रत्येक मुलाचा एकेक डोळा झाकून बघा. खेळण्याकडे बघायला लावायचं, एक डोळा झाकायचा, आणि उघडा डोळा जागेवरून हलून खेळण्यावर येतो का ते पाहायचं. हलला तर तो आधी तिथे बघत नव्हता. यंत्र लागत नाही, वीज लागत नाही. पालकांनो, पथक विसरलं तर तुम्ही बोला. घाटीत नेत्रविभाग आहे. आणि मूल सात-आठ वर्षांचं झालंय म्हणून ‘आता काय उपयोग’ असंही कुणी सांगितलं तर ऐकू नका. मंदावलेली नजर सात ते बारा वर्षांच्या मुलांतही चष्मा, पट्टी आणि थेंबांनी निम्म्याहून थोड्या जास्त जणांत सुधारल्याचं अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत २००५ साली दिसलं आहे. खोलीचं घड्याळ वेगळं, नजरेचं वेगळं.

माझ्या मामेबहिणीचा मुलगा अडीच वर्षांचा असताना त्याचा डोळा वळायला लागला. या वेळी मी ‘लकी’ हा शब्द उच्चारायलाच दिला नाही. दूरदृष्टीचा मोठा नंबर निघाला. असे डोळे जवळचं नीट बघायला जोर लावतात आणि त्या जोरात आत वळतात. नुसत्या चष्म्यानं डोळे सरळ राहायला लागले, ऑपरेशनची गरज पडली नाही. तपासणीत एक मोठ्या माशीचं चित्र असतं, खास चष्मा लावून बघायचं, आणि मुलाला सांगतात, पंख पकड. ज्याला खोली दिसते तो कागदाच्या वर हवेतच चिमूट धरतो. त्यानं धरली, आणि मग घाबरून हात मागे घेतला. मी त्याच चित्रावर बोट टेकवलं तर ते सरळ कागदाला लागतं.

गेल्या महिन्यात एका लग्नात त्याच्या आजीनं पंगतीत त्याचा चष्मा काढून पर्समध्ये ठेवला. ‘फोटोत बरं दिसत नाही गं. दोन तासांनी काय होतंय?’ मी चष्मा मागितला. त्या म्हणाल्या, फोटो झाले की देते. आमचं दोघींचं भांडण वरण-भातापासून जिलेबीपर्यंत चाललं, आणि तेवढ्यात तो उठून पाण्याच्या जगात हात घालून आला.